बंब गळू लागला तेव्हा

गरम पाण्याच्या कुंडात मंदा स्वतःच्या पायांनी उतरली आणि बाहेर काढताना तिला तिघांनी धरावं लागलं.

१९९६ सालचा पौष. चोपड्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवला दगडी गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडतं. पौषात तिथं गर्दी लोटते. कुणाला खरूज असते, कुणाचे सांधे धरलेले असतात. मंदाची सासू सुगंधाबाई हिच्या गुडघ्यांना त्या पाण्यानं दोन हिवाळे चांगला आराम पडला होता. त्यामुळे सुनेचा डावा पाय फरफटायला लागला, तेव्हा उपाय काय करायचा हा प्रश्न सुगंधाबाईंपुरता सुटलेलाच होता. नवरा चुडामण याने केळीच्या कामातून एक दिवस काढला, ओळखीच्या माणसाची उघडी जीप घेतली आणि दोघींना रावेरहून उनपदेवला आणलं.

पाणी कमरेपर्यंत होतं. पहिल्यांदा मंदाला बरं वाटलं. मग पाय जड झाले. मग डाव्या डोळ्यापुढे दुधी काच धरावी तसं झालं आणि समोरच्या बायकांचे चेहरे पुसले गेले. ती "अहो" म्हणाली एवढंच. चुडामण कपड्यांनिशी कुंडात उतरला, आणखी दोघे धावले. दगडावर आणून ठेवली तेव्हा तिचे पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडून होते.

"आत्याबाई, मला दिसत नाहीये," मंदा म्हणाली.

"भिऊ नको वं माय," सुगंधाबाई म्हणाल्या. "दुखनं आधी वर येते, मंग उतरते."

ओल्या लुगड्यातच तिला जीपमध्ये घातली. थंडीचे दिवस, उघडी जीप, अंगावर वारा. अडावद मागे पडलं. यावलच्या आसपास मंदाला रस्त्याकडेच्या बोरी वेगवेगळ्या दिसू लागल्या. फैजपूरला चुडामणने चहासाठी जीप थांबवली, तेव्हा ती एका हाताने दांडा धरून खाली उतरली आणि उभी राहिली.

सुगंधाबाईंनी तिथल्या तिथे सातपुड्याकडे तोंड करून हात जोडले.

"पाह्यलं? म्हटलं नव्हतं मी? त्या पान्यानं गुन दिला!"

सगळी चूक इथून सुरू झाली. पाण्याने पाय गेले आणि वाऱ्याने परत आले, असं त्या जीपमधल्या तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

मंदा भंगाळे रावेरच्या मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. धुळ्याला हॉस्टेलवर राहून शिकत असताना त्या कॉलेजच्या खो-खो संघात होत्या, आणि खांबाला वळसा घालताना त्यांचा पाय घसरलेला कुणी पाहिला नव्हता. लग्नानंतर आठवड्यातले सहा दिवस शिट्टी गळ्यात असायची. "आमच्या सुनीले घरात चालता येत नही, पळताच येते," असं सुगंधाबाई शेजारणींना सांगत, आणि त्यात तक्रारीपेक्षा मिरवणं जास्त असे.

ऑक्टोबरच्या उन्हात तालुक्याच्या सामन्यांची तयारी चालू असताना मंदा मुलींबरोबर धावली आणि डावा पाय मागे राहिला. पडली. उठली, पुन्हा पडली. पुढच्या आठवड्यांत पायाला मुंग्या, डोळ्याला धूसरपणा आणि दुपारी असा थकवा, की पोळपाटावरची पोळी उचलून तव्यावर टाकणंही डोंगराएवढं वाटे. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, ताकदीच्या गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, "नसा कमजोर झाल्यात. पळणं, व्यायाम कायमचा बंद. जितकी विश्रांती तितकं चांगलं."

ते "कायमचा" मंदाच्या मनात रुतून बसलं. दुखणं आपणच पळून पळून ओढवून घेतलं, अशी तिची समजूत झाली. ती घरात भिंत धरून चालू लागली आणि भिंत नसेल तिथे जाईनाशी झाली.

शाळेच्या मुख्याध्यापिका यशोदाबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मंदाला वर्ष संपेपर्यंत ऑफिसचं काम दिलं.

"जूनमध्ये मात्र मला ठरवावं लागेल, भंगाळेबाई. मैदानावर उभं राहता आलं तर पी.टी. तुमचीच. नाहीतर ग्रंथालय घ्या. पगार तोच, सावलीतलं काम. मुलींना वर्षभर मास्तरणीवाचून ठेवता येणार नाही मला."

त्यात वाईट काही नव्हतं. ग्रंथालय हवेशीर होतं, खुर्चीही चांगली होती. पण त्या खिडकीतून मैदान दिसायचं.

उनपदेवहून आल्यावर सुगंधाबाईंनी सुनेचं औषधपाणी आपल्या हातात घेतलं. मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता. पहाटेच त्यात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटायच्या. मंदाच्या पायांना तिळाचं तेल चोळायचं, वरून सोसवेल तितकं कढत पाणी, मग फडक्यात गुंडाळलेल्या विटेचा शेक आणि शेवटी पाय उन्हात करून ओट्यावर बसायचं. सुगंधाबाई हे सगळं स्वतः करत. स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांवर बसून सुनेच्या पोटऱ्या चोळत.

रोज एकच व्हायचं. शेकानंतर पाय लुळे पडायचे, डोळा धूसर व्हायचा. मंदा माजघरातल्या शहाबादी फरशीवर आडवी व्हायची. हळूहळू पायात जीव यायचा.

"पाहाय, आला का नही गुन?" सुगंधाबाई म्हणायच्या. "उद्या अजून एक घंगाळं वाढवू."

मंदालाही ते पटत होतं, कारण रोज सुधारणा होतच होती. फक्त ती आदल्या दिवशीच्या जागेपाशीच येऊन थांबायची. मार्च गेला, एप्रिल आला. खानदेशातलं ऊन सकाळीच भिंतीवरून खाली उतरायला लागलं. आता तर शेकाशिवायही दुपारी तिला उठवेना. गावातल्या बायका भेटायला येत, हळू आवाजात बोलत आणि जाताना सुगंधाबाईंना बाजूला घेऊन विचारत, "एकच पाय गेला का दोन्ही?"

शाळेला सुट्टी लागली त्याच आठवड्यात बंबाचा तळ गळू लागला. निखाऱ्यांवर पाणी पडून अंगणभर राख उडाली. सुगंधाबाईंनी बंबाला चार शिव्या हासडल्या आणि चुडामणने तो सायकलला बांधून दुरुस्तीला नेला. तांबट लग्नाला गेला होता. बंब त्याच्या दुकानात अडकला.

"आज चुलीवर तापवते," सुगंधाबाई म्हणाल्या.

"राहू द्या, आत्याबाई. एक दिवस नसलं तरी चालेल. मळ्यात नेऊन सोडता का मला?" मंदाने नवऱ्याला विचारलं. "घरात जीव घुसमटतो."

चुडामणने तिला मोटरसायकलवर मागे बसवलं. मळ्यात विहिरीवरची मोटर चालू होती. जाड धार हौदात पडत होती आणि तिथून पाटाने केळीच्या बागेत शिरत होती. बागेला चहूबाजूंनी शेवरीचं दाट कुंपण. बाहेर वारा तापायला लागला होता, आत मात्र ओल्या मातीचा गारवा होता. चुडामण पाणी वळवायला गेला. मंदा हौदाच्या कडेला बसली, पाय पाण्यात सोडले. मग कुणी नाही असं पाहून साडीसकट आत उतरली आणि गळ्यापर्यंत बसून राहिली.

गार वाटून दात वाजले. पण दूरच्या केळीचं पान तिला त्याच्या फाटलेल्या कडेसकट दिसत होतं.

ती बाहेर आली. हौदाची कडा धरून उभी राहिली, मग कडा सोडली. ओल्या सरीतून एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत गेली. डावा पाय थोडा ओढत होता, पण येत होता. ती आणखी पुढे गेली, वळली आणि परत आली. वळताना तिने न कळत खांबाला धरावा तसा केळीच्या बुंध्याला हात लावला आणि स्वतःशीच हसली.

चुडामण फावडं घेऊन उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं.

"मंदा," तो म्हणाला, "तू चालू रायली."

"बंब फुटला म्हणून," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता ती स्वतःच थबकली. उनपदेव, जीपमधला वारा, माजघरातली गार फरशी. सगळं तिच्या डोक्यात एका ओळीत येऊन बसलं. रोज पाय घालवत होता तो शेक, आणि रोज परत आणत होती ती फरशी.

तिने लगेच काही सांगितलं नाही. पळणाऱ्या माणसाला एकदा जमलं म्हणजे जमलं असं म्हणायची सवय नसते. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मळा गाठला, तिसऱ्या दिवशी मुद्दाम उन्हात जाऊन बसली. उन्हात पाय गेले, हौदात परत आले. आता शंका उरली नाही. उरली ती एक अडचण. हे आत्याबाईंना सांगायचं कसं? तीन महिने ज्या बाईने स्वतःचे गुडघे मोडून आपले पाय चोळले, तिला "तुम्हीच मला पाडत होता" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"डॉक्टरच्या तोंडून येऊ दे," चुडामण म्हणाला.

जळगावला डॉ. निर्मलकुमार मेंदू-नसांचे आजार पाहायचे. वय चाळिशीचं, बोलणं संथ, मध्येच चष्मा पुसायची सवय. सुगंधाबाईही हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरांनी तळपायावर किल्ली ओढली, डोळ्यात उजेड टाकला, डोळे मिटून उभं राहायला लावलं. मग म्हणाले, "आता पहिल्यापासून सांगा."

मंदाने उनपदेवपासून सांगितलं. डॉक्टर पुढे झुकले.

"पाण्यात दिसेनासं झालं? आणि वाऱ्यावर परत दिसलं?"

"हो."

डॉक्टर खुर्चीला टेकून हसले. "ताई, मेंदूचे फोटो काढायची सोय नव्हती त्या काळी या आजाराची शंका आली, की डॉक्टर रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवायचे. पाय ढिले पडले, नजर गेली, तर शंका बळकट. तीच तपासणी तुम्ही उनपदेवला केलीत."

सुगंधाबाईंचा पदर तोंडाकडे गेला.

मुंबईला जाऊन एम.आर.आय. झाला. जळगावला परतल्यावर डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. मेंदूत पांढरे ठिपके होते. आजाराचं नाव त्यांनी सावकाश, दोनदा सांगितलं. मल्टिपल स्क्लेरॉसिस.

"नसांवर एक आवरण असतं. शरीर चुकून स्वतःच ते ठिकठिकाणी खरवडतं. तिथून मेंदूचा निरोप नीट जात नाही. शरीर तापलं, की त्या खरवडलेल्या जागी निरोप अडकतोच. गार झालं, की पुन्हा जातो."

चुडामण पुढे सरकला. तो म्हणाला, "म्हणजे साहेब, मोटर तापली की स्टार्टर ट्रिप मारतो, तसं?"

"जवळजवळ तसंच."

"मोटर जळली नही ना पण?"

"नाही. उन्हाने किंवा शेकाने आजार वाढत नाही. त्रास तेवढ्यापुरता वाढतो आणि उतरतो. इतके दिवस शेकलंत त्याने कायमचं काही बिघडलेलं नाही." हे वाक्य त्यांनी चष्मा काढून, सरळ सुगंधाबाईंकडे पाहून म्हटलं.

मंदाला मात्र दुसरंच विचारायचं होतं. सात महिने तिने ते कुणाला विचारलं नव्हतं.

"डॉक्टर, हे मी पळून पळून करून घेतलं का?"

"नाही. पळण्याने हा आजार होत नाही."

"मग व्यायाम?"

"तुम्ही तो सोडलात म्हणून पाय आणखी बारीक झाले. पूर्वी आम्हीही या रोग्यांना सांगायचो, पडून राहा. आता अभ्यास उलटं सांगतोय. व्यायाम करा, पण तापायच्या आत थांबा. आधी अंग गार करा, सकाळच्या वेळी करा. ओला टॉवेल जवळ ठेवा, मध्ये बसा. आज जमलं ते उद्या जमेलच असं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि नीट ऐका. हा आजार जाणार नाही. मधूनमधून पुन्हा उसळेल. कधी, ते मला सांगता येणार नाही. काही नवीन सुरू झालं, गार होऊनही गेलं नाही आणि दिवसभर राहिलं, तर थेट इकडे या. त्यावर इंजेक्शनं आहेत. ताप आला तरी अंगावर काढू नका."

बाहेर आल्यावर मंदा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसली आणि रडली. चुडामण घाबरला. पण ते रडणं आजाराच्या नावाने आलेलं नव्हतं. "करून घेतलं का" याचं उत्तर "नाही" आलं होतं, त्याचं ते होतं.

सुगंधाबाई बाजूला उभ्या होत्या. रावेरच्या गाडीत खिडकीजवळ बसल्यावर एकदम म्हणाल्या,

"मी तुले शिजवू रायली व्हती का वं, मंदा?"

चुडामणला हसू फुटलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, त्याने ते जास्तच फुटलं. मंदाही हसू लागली.

"आत्याबाई, ऐकलं ना तुम्ही? काही बिघडलेलं नाही. उलट तुम्ही उनपदेवला नेलं म्हणून डॉक्टरांना पटकन कळलं."

"उगी समजूत नको काढू."

"समजूत नाही. डॉक्टरच म्हणाले ना, तपासणी केलीत म्हणून."

"मंग फी त्यानं मले द्यायले पाह्यजे," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि डब्यातली भाकरी काढून तिघांत वाटली.

बंब दुरुस्त होऊन आला तो सुगंधाबाईंनी स्वतःच्या गुडघ्यांसाठी ठेवून घेतला. मंदासाठी मागच्या अंगणात दोन माठ आले. त्यांच्या भोवतीचं गोणपाट ओलं ठेवायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणालाही करू दिलं नाही. औषध बदललं, पण त्यांचा जोर तसाच राहिला. मंदा उन्हात दोन पावलं गेली तरी त्या ओरडायच्या, "तापशीन! घरात ये!" सकाळी मळा, हौद, सरीतून चालणं, मग दोरीला धरून बैठका. कधी जास्त व्हायच्या, कधी अगदी थोड्या. एकदा हट्टाने पुढे रेटलं तेव्हा परत येताना चुडामणला तिला उचलून मोटरसायकलवर बसवावं लागलं. तेव्हा ती चिडली. दुसऱ्या दिवशी मात्र लवकर थांबली.

जून उजाडला. ऊन कमी झालेलं नव्हतं. यशोदाबाईंनी मंदाला ऑफिसात बोलावलं.

"डॉक्टरांचं पत्र वाचलं मी. पण पत्र पळत नाही, भंगाळेबाई. मैदानावर पडलात तर मुलींना कोण सांभाळेल?"

"मला पहिला तास द्या. ऊन चढायच्या आतला. आणि तुम्ही स्वतः येऊन बघा."

"येणारच आहे," यशोदाबाई म्हणाल्या.

मैदान शाळेच्या मागे होतं, एका बाजूला मोठा कडुनिंब, त्याखाली शिपायाने आणून ठेवलेली खुर्ची आणि पाण्याची बादली. मंदा घरून माठाच्या पाण्याने न्हाऊन, मानेभोवती ओला टॉवेल घालून आली. मुली रांगेत बसल्या होत्या. काही जणी तिच्या डाव्या पायाकडे बघत होत्या, हे तिला दिसलं. तिने शिट्टी फुंकली. आठ महिन्यांनी ती शिट्टी त्या मैदानावर वाजली आणि वर्गाच्या खिडक्यांत डोकी आली.

खांबाला वळसा कसा घालायचा हे तिने स्वतः दाखवलं, पळत नाही, चालत. हात कुठे, पाय कुठे, नजर कुठे. दुसऱ्यांदा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवताना डावा पाय मातीत घासला. पुढच्या पावलाला गुडघा वाकला. तिने खांब धरला. यशोदाबाई कडुनिंबाखालून एक पाऊल पुढे आल्या.

ऑक्टोबरमध्ये इथेच ती घाबरून पुन्हा धावली होती आणि पुन्हा पडली होती. आज तिला पायाचं म्हणणं कळत होतं.

"मुलींनो, पाच-दहा मिनिटं तुम्ही नुसता खो देऊन बसायचा सराव करा," ती खांब धरूनच म्हणाली. "बाईंची मोटर तापली आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. मंदा सावकाश सावलीतल्या खुर्चीपर्यंत गेली, बसली, टॉवेल बादलीत बुचकळून डोक्यावर घेतला. तिथूनच ओरडली, "ए, डावीकडची! बसताना टाच टेकवू नकोस!" यशोदाबाई शेजारी उभ्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

टॉवेलचं पाणी पाठीवरून उतरत राहिलं. मंदाने बोटं हलवून पाहिली, मग घोटा. थोडा वेळ आणखी बसली, घाई केली नाही. मग खुर्चीचा हात सोडून उभी राहिली आणि मैदानात परत गेली.

तास संपल्यावर यशोदाबाई म्हणाल्या, "पडायची वाट बघत होते मी, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही पडायच्या आत बसलात." मग त्या शिपायाकडे वळल्या. "ती खुर्ची आत नेऊ नकोस. रोज इथेच लागेल."

"आणि ग्रंथालय?" मंदाने विचारलं.

"ते बघते मी कुणाला द्यायचं ते. तुम्ही उद्या वेळेवर या."

दुपारी घरी पोचली तेव्हा सुगंधाबाई दारातच होत्या, हातात ओलं गोणपाट.

"काय झालं? पडली का?"

"नाही, आत्याबाई. बसले. मग उठले."

"मंग दारात काय उभी रायली उन्हात?" सुगंधाबाई म्हणाल्या. "आत ये बरं, आधी फरशीवर पड."